एक शिखर की दोन? नियोडिमियम-१४८ वरच्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, दोन विद्यार्थ्यांनी मिळून केलेल्या प्रकल्पाची ही हकीकत आहे. कॉलेजचं नाव दिलेलं नाही आणि विद्यार्थ्यांचे तालुके बदलले आहेत; त्यांना मी ‘यावलची’ आणि ‘साक्रीचा’ एवढंच म्हणेन. मी त्याच विभागात न्यूक्लिअर फिजिक्स शिकवतो. प्रकल्पाचे मार्गदर्शक माझे सहकारी होते, मी दुसरा वाचक होतो. काम तसं लहान, पण त्यात मध्येच एक जागा अशी आली की पुढे कसं जायचं यावर विभागात आठवडाभर वाद झाला. तो वाद आणि त्यातून निघालेली वाट सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण हाच विषय आणि हेच आकडे घेऊन दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात कोणी तरी बसतं.

पार्श्वभूमी

विषय होता: अणुकेंद्रकाचा आकार आणि उच्च ऊर्जेच्या फोटॉनचं, म्हणजे गॅमा किरणांच्या कणांचं, शोषण. आमच्याकडे त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, नाही. सिझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० चे छोटे स्रोत आहेत, त्यांच्या गॅमा किरणांची ऊर्जा दीड एमईव्हीच्या आतली (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक). इथे हवेत १० ते २० एमईव्ही. म्हणून प्रयोग दुसऱ्यांचा आणि विश्लेषण आपलं, असं ठरलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं एक्सफोर हे भांडार कोणालाही फुकट खुलं आहे. पॅरिसजवळच्या साक्ले इथल्या गटाने नियोडिमियमच्या समस्थानिकांवर घेतलेली आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेली मोजमापं त्यात तक्त्यांच्या रूपात मिळतात. वसतिगृहातल्या मुलाला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ती उतरवून घेता येतात, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

भौतिकशास्त्र थोडक्यात सांगतो. १५ एमईव्हीच्या फोटॉनची तरंगलांबी साधारण ८३ फेम्टोमीटर असते, आणि नियोडिमियमच्या केंद्रकाचा व्यास १२-१३ फेम्टोमीटर. त्यामुळे केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विद्युत क्षेत्र जवळजवळ सारखंच असतं. ते सगळ्या प्रोटॉनांना एकदम एका बाजूला ओढतं, वस्तुमानमध्य जागेवर राहावा म्हणून न्यूट्रॉन उलट बाजूला सरकतात, आणि हे दोन समूह एकमेकांतून मागे-पुढे डोलू लागतात. फोटॉनची ऊर्जा या डोलण्याच्या वारंवारतेशी जुळली की शोषण एकदम वाढतं. हाच जायंट डायपोल रेझोनन्स, म्हणजे जीडीआर. १९३७ साली बोथे आणि गेंटनर यांना १७ एमईव्हीच्या गॅमा किरणांचं शोषण अपेक्षेपेक्षा फारच जास्त दिसलं होतं. मिग्दलने १९४४ साली सिद्धांत मांडला, आणि १९४७ साली बाल्डविन आणि क्लायबर यांना बीटाट्रॉन या इलेक्ट्रॉन-त्वरकावर रेझोनन्स स्पष्ट दिसला.

आकार इथे कसा येतो? आखाजीला झाडाला बांधलेल्या झोक्याचा दोर लांब असला की झोका सावकाश येतो-जातो, आखूड असला की भरभर. केंद्रक गोल असेल तर कोणत्याही दिशेने डोलायला सारखीच ऊर्जा लागते आणि शोषणाच्या आलेखात एकच शिखर येतं. केंद्रक लांबट असेल तर लांब अक्षाच्या दिशेने डोलायला कमी ऊर्जा पुरते, दोन आडव्या अक्षांच्या दिशेने जास्त लागते. शिखर फुटतं आणि दोन होतात. लांब अक्ष एक, आडवे दोन, म्हणून खालच्या आणि वरच्या शिखरांची क्षेत्रफळं १:२ या प्रमाणात असायला हवीत. केंद्रक चपटं असेल तर हेच प्रमाण उलटं होतं. डॅनोस आणि ओकामोतो यांनी हे भाकीत स्वतंत्रपणे केलं, आणि १९५८ साली फुलर आणि वाइस यांना टर्बियम आणि टँटलममध्ये शिखर खरोखरच फुटलेलं दिसलं. डॅनोसचं सूत्र असं: वरच्या शिखराची ऊर्जा ÷ खालच्या शिखराची ऊर्जा = ०.९११ × (लांब अक्ष ÷ आडवा अक्ष) + ०.०८९.

नियोडिमियम निवडण्याचं कारण सरळ आहे. नियोडिमियम-१४२ मध्ये ८२ न्यूट्रॉन असतात, ही ‘जादुई’ संख्या, केंद्रक गोल. पुढे दोन-दोन न्यूट्रॉन वाढवत १५० पर्यंत गेलं की केंद्रक लांबट होतं. मूलद्रव्य तेच, प्रोटॉन तेच ६०, आणि आकार मात्र डोळ्यांदेखत बदलत जातो.

प्रश्न कुठे उभा राहिला

दोघांनी काम वाटून घेतलं. १४२ साक्रीच्याकडे, १५० यावलचीकडे, आणि १४८ दोघांनीही स्वतंत्रपणे करायचा, म्हणजे एकमेकांचं तपासून होईल. ही शेवटची अट मार्गदर्शक सरांची, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच उघडकीला आलं.

१४२ सुरेख उतरला: १५ एमईव्हीच्या आसपास एकच शिखर, रुंदी साधारण ४.४ एमईव्ही. १५० सुद्धा पुस्तकात असतो तसा: १२.३ आणि १६ एमईव्हीला दोन शिखरं, वरचं जास्त रुंद. यावलचीने डॅनोसचं सूत्र उलटं चालवून अक्षांचं गुणोत्तर १.३३ काढलं. आकाराचं माप म्हणून वापरतात तो बीटा त्यावरून ०.३२ च्या आसपास येतो. फोटॉन शोषणाशी संबंध नसलेल्या मोजमापांतून, म्हणजे पहिल्या उत्तेजित अवस्थेच्या संक्रमणाच्या तीव्रतेवरून, तो ०.२८-०.२९ मिळतो. इतक्या साध्या सूत्राकडून याहून जवळचं उत्तर मागू नये.

आणखी एक ताळा तिने आपणहून घेतला, तो मला फार आवडला. गोल केंद्रकासाठी जीडीआरच्या ऊर्जेचं एक अनुभवसिद्ध सूत्र आहे: ३१.२ भागिले वस्तुमानांकाचं घनमूळ, अधिक २०.६ भागिले वस्तुमानांकाचं सहावं मूळ. १५० साठी ते १४.८ देतं. तिच्या दोन शिखरांची १:२ वजनाने काढलेली सरासरीही १४.८ आली. शिखर फुटलं तरी त्याचा मध्य हलत नाही, हे तिने कागदावर स्वतः पाहिलं.

मग १४८ आला. साक्रीच्याच्या आलेखात १३ च्या जवळ एक खांदा आणि १६ च्या जवळ फुगलेलं शिखर होतं, सॉफ्टवेअरने त्यावर दोन लोरेंट्झ वक्र (रेझोनन्सच्या शिखराचा ठरावीक गणिती आकार) आरामात बसवले. यावलचीच्या आलेखात एकच बसकं, रुंद शिखर, रुंदी ७ एमईव्हीच्या आसपास. केंद्रक तेच, प्रयोगशाळा तीच, सालही तेच. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि विचारलं, “हाई एक शे का दोन?” प्रबंध द्यायला तीन-एक आठवडे उरले होते.

समोर असलेले पर्याय

मार्गदर्शक सरांचा पहिला कल १४८ गाळण्याकडे होता. १४२ आणि १५० एवढ्यावर प्रकल्प पूर्ण होतो, गोल आणि लांबट यांतला फरक स्वच्छ दिसतो, बाहेरचे परीक्षक खूश होतात. वेळेचं बंधन खरं होतं. एप्रिल तोंडावर, दुपारी प्रयोगशाळेत बसवत नाही असं ऊन, आणि भारनियमनाचं वेळापत्रक रोज बदलणारं. या पर्यायात चुकीचं काही नव्हतं. पण गोल ते लांबट हा बदल होतो तो नेमका १४६, १४८ च्या टापूत. तोच भाग कापला तर ‘आकाराचा परिणाम’ या शीर्षकात उरतं काय?

साक्रीच्याचं म्हणणं होतं की काय-स्क्वेअरला, म्हणजे बसवलेला वक्र आणि मोजलेले बिंदू यांतला फरक सांगणाऱ्या आकड्याला, ठरवू द्यावं. दोन्ही तक्त्यांवर एक शिखर आणि दोन शिखरं असं बसवून पाहायचं, ज्याचा काय-स्क्वेअर लहान ते खरं. ऐकायला हे निःपक्षपाती वाटतं. पण दोन लोरेंट्झ वक्रांना सहा मोकळे पॅरामीटर मिळतात, एकाला तीन. जास्त पॅरामीटर असलेलं फिट बिंदूंच्या जास्त जवळ जाणारच, त्यात केंद्रकाचा काही हात नसतो. शिवाय दोन तक्ते एकमेकांशी जुळत नसताना कुठल्या तक्त्यावरचा काय-स्क्वेअर ऐकायचा?

यावलचीला फिटच्या आधीचा प्रश्न पडला होता. “सर, आमच्या दोघांच्या फायलींत आकडेच वेगळे आहेत. आधी ते का वेगळे आहेत ते बघायला नको का?” मी तिच्या बाजूने उभा राहिलो. सरांनी एक आठवडा दिला; तेवढ्यात सुटलं तर १४८ ठेवायचा, नाही तर गाळायचा. मुदत घालून दिलेला हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

रकान्याचा अर्थ

उत्तर फायलीच्या शीर्षभागातच होतं. ते कळायला हे शोषण मोजतात कसं ते माहीत हवं. जड केंद्रकाने फोटॉन शोषला की ते न्यूट्रॉन बाहेर टाकून शांत होतं. प्रोटॉनला विद्युत अडथळा ओलांडावा लागतो, म्हणून ते क्वचितच सुटतात. त्यामुळे बाहेर आलेले न्यूट्रॉन मोजले की शोषण जवळपास मोजल्यासारखंच होतं. पण ऊर्जा पुरेशी असेल तर एका फोटॉनमागे दोन न्यूट्रॉन सुटतात. मग तक्ते दोन प्रकारचे तयार होतात. एकात प्रत्येक घटना एकदाच मोजलेली असते, म्हणजे एक-न्यूट्रॉन क्रॉस-सेक्शन अधिक दोन-न्यूट्रॉन क्रॉस-सेक्शन (क्रॉस-सेक्शन म्हणजे ती घटना घडण्याच्या शक्यतेचं माप). शोषण म्हणतात ते हे. दुसऱ्यात सुटलेला प्रत्येक न्यूट्रॉन मोजलेला असतो, तिथे दोन-न्यूट्रॉन क्रॉस-सेक्शन दुप्पट होऊन बेरजेत येतं.

साक्रीच्याने दुसऱ्या प्रकारचा तक्ता उतरवला होता. नियोडिमियम-१४८ मधून दोन न्यूट्रॉन सुटायला १२.६ एमईव्ही लागतात. त्याच्या पुढे त्याच्या वक्राचा उजवा भाग कृत्रिमपणे फुगत गेला, डावा होता तसाच राहिला, आणि रुंद शिखराच्या जागी खांदा आणि फुगवटा दिसायला लागला. सॉफ्टवेअरने त्यावर दोन शिखरं बसवली. गणित बिनचूक होतं, मोजलं जात होतं ते मात्र वेगळं.

मग १४२ मध्ये हे का दिसलं नाही? तोही त्याच प्रकारचा तक्ता होता. १४२ मधून दोन न्यूट्रॉन सुटायचा उंबरठा १८ एमईव्हीच्या जवळ आहे, शिखराच्या बराच पलीकडे. त्याच्या खाली दोन्ही तक्ते सारखेच. गोल केंद्रकावर त्याचं काम बरोबर आलं आणि तीच रीत त्याने विश्वासाने १४८ ला लावली. या प्रकरणात विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखं काही असेल तर ते हे आहे: एका केंद्रकावर तपासलेली पद्धत शेजारच्या केंद्रकावर गैरलागू ठरली, आणि दोघांमध्ये फरक होता तो फक्त सहा न्यूट्रॉनांचा.

हे फिटच्या आधीही पकडता आलं असतं. वक्राखालच्या एकूण क्षेत्रफळाला एक मोजपट्टी आहे: ६० × न्यूट्रॉन × प्रोटॉन ÷ वस्तुमानांक, एकक मिलीबार्न-एमईव्ही. १४८ साठी हे २१४० च्या आसपास येतं. न्यूक्लिऑनांमधल्या देवाणघेवाणीच्या बलांमुळे प्रत्यक्ष क्षेत्रफळ त्याहून काहीसं जास्त भरतं, पाव पटीने वगैरे; पण फुगलेल्या तक्त्याचं क्षेत्रफळ त्या मर्यादेच्या बरंच बाहेर होतं. ही बेरीज करायला कॅल्क्युलेटर पुरतो.

बांधून घेतलेलं फिट

तक्ता बदलल्यावर दोघांचे वक्र जुळले. प्रश्न मात्र संपला नव्हता. जुळलेल्या वक्रात एकच रुंद शिखर दिसतं हे खरं, पण त्याच्या पोटात दोन दडलेली नाहीत कशावरून?

दोन लोरेंट्झ वक्र मोकळे सोडले तर उत्तर स्थिरच होईना. सुरुवातीचा अंदाज थोडा बदलला की शिखरं वेगळ्या जागी जाऊन बसत. अंतर वाढलं की रुंदी घटे, अंतर घटलं की रुंदी वाढे, आणि काय-स्क्वेअर जवळपास तिथेच. अशा वेळी एक सुंदर फिट निवडून छापायचा मोह होतो. दोघांनी तो टाळला आणि भौतिकशास्त्राला आधीच माहीत असलेल्या गोष्टी फिटच्या आधी मांडल्या.

बाहेरच्या मोजमापांवरून १४८ चा बीटा ०.२ च्या आसपास आहे. त्यावरून अक्षांचं गुणोत्तर १.२० आणि डॅनोसच्या सूत्राने ऊर्जांचं गुणोत्तर १.१८ येतं. मध्य १४.८६ ला, क्षेत्रफळांचं प्रमाण १:२. एवढं धरलं की शिखरांच्या जागा ठरल्याच: १३.२ आणि १५.७. अंतर २.४ एमईव्ही.

इथे यावलचीने वहीत एक छोटं गणित मांडलं. दोन सारख्या लोरेंट्झ वक्रांची बेरीज केली तर मध्ये दरी दिसण्यासाठी त्यांच्यातलं अंतर रुंदीच्या ०.५८ पटीहून जास्त लागतं; त्याहून कमी असेल तर दोन्ही मिळून एकच शिखर दिसतं. रुंदी ४.५ धरली तर २.६ एमईव्ही अंतर हवं, आणि आपल्याकडे २.४. शिवाय दोन्ही शिखरं सारखी नसल्याने दरी आणखीच अवघड. म्हणजे केंद्रक निश्चित लांबट असतं तरीही १४८ च्या आलेखात दोन शिखरं वेगळी दिसलीच नसती. १५० मध्ये अंतर ३.७ आहे, म्हणून तिथे दिसतात.

हे गणित पाहून मार्गदर्शक सरांनी १४८ गाळायचा विचार सोडला. पूर्ण वहीत त्या अर्ध्या पानाइतकं वजनदार दुसरं काही नव्हतं असं माझं मत आहे.

पण मग १४८ लांबट आहे असं लिहायचं का? साक्रीचा ठामपणे ‘हो’ म्हणत होता, आणि इथे मी हरकत घेतली. बाहेरून आणलेला बीटा सूत्रात घालून काढलेली शिखरं वक्राशी विसंगत नाहीत, एवढंच आपण दाखवलं होतं. ७ एमईव्ही रुंदीचं एकच शिखरही तितकंच सुसंगत होतं. शेवटी प्रबंधात असं लिहिलं गेलं: शोषणाच्या वक्रावरून १४८ मध्ये शिखर एक की दोन हे ठरत नाही, ठरतं ते इतकंच की १४२ पासून १४८ पर्यंत शिखराची रुंदी ४.४ पासून ७ पर्यंत सतत वाढते, आणि त्या वाढीचा मोठा भाग आकारातल्या बदलाशी जुळतो.

उशिरा सापडलेला २०१८ चा शोधनिबंध

प्रबंध टाइप होत असताना यावलचीला २०१८ सालचं एक काम सापडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या आयथेम्बा प्रयोगशाळेत २०० एमईव्हीचे प्रोटॉन नियोडिमियमच्या समस्थानिकांवर सोडून, शून्य अंशात विखुरलेल्या प्रोटॉनांवरून फोटॉन-शोषण काढलं होतं. या पद्धतीत न्यूट्रॉन मोजावे लागत नाहीत. निष्कर्ष साक्लेशी जुळत नव्हता. नियोडिमियम-१५० मध्येही त्यांना दोन स्पष्ट शिखरं दिसली नव्हती, एका बाजूला कललेलं असममित शिखर दिसलं होतं. १५० हे केंद्रक आकार बदलण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर आहे, त्याचा आकार पुरता ताठ नाही, म्हणून असं होत असावं, असं लेखकांनी सुचवलं होतं.

आता पंचाईत अशी की प्रकल्पाचं दुसरं प्रकरण १५० च्या दोन शिखरांवरच उभं होतं. हे नवं काम घ्यायचं की नाही? सरांना काळजी वाटत होती की शेवटच्या आठवड्यात मुलांचा आत्मविश्वास जाईल आणि तोंडी परीक्षेत गोंधळतील. काळजी प्रामाणिक होती. माझं म्हणणं असं पडलं की निबंध वाचलेला आहे, आता न वाचल्यासारखं करता येणार नाही. मधला मार्ग निघाला: आकडे मिसळायचे नाहीत, फिट पुन्हा करायचं नाही, पण स्वतंत्र विभागात दोन्ही मोजमापं शेजारी-शेजारी मांडून फरकाची संभाव्य कारणं लिहायची.

त्या विभागात दोघांनी एक मुद्दा छान मांडला. १५० मधून दोन न्यूट्रॉन सुटायचा उंबरठा १२.४ एमईव्ही, म्हणजे साक्लेच्या पहिल्या शिखराच्या माथ्याशीच. एका न्यूट्रॉनच्या आणि दोन न्यूट्रॉनांच्या घटना वेगळ्या करण्यात थोडी जरी गफलत झाली तर तिचा परिणाम नेमका दोन शिखरांमधल्या भागावर होतो. साक्ले आणि अमेरिकेतल्या लिव्हरमोर इथल्या मोजमापांत याच वर्गवारीवरून अनेक केंद्रकांबाबत मतभेद आहेत, हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या बाजूने, प्रोटॉनच्या पद्धतीतही मोजलेल्या आकड्यांतून इतर प्रक्रियांचा वाटा वजा करावा लागतो आणि त्यांचं फोटॉन-शोषणात रूपांतर करावं लागतं. तिथेही गृहीतकं येतात. कोण बरोबर याचा निकाल देणं एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं काम नव्हतं, आणि त्यांनी तो दिलाही नाही.

निष्पत्ती

तोंडी परीक्षा चांगली झाली. बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न अवघड टाकला: “नियोडिमियम-१५० च्या पायाभूत अवस्थेचा स्पिन (एकूण कोनीय संवेग) शून्य आहे, म्हणजे तो सगळ्या दिशांनी सारखा दिसायला हवा. मग लांब अक्ष कुठला, आणि फोटॉनला तो कसा कळतो?” यावलचीने उत्तर वेळेच्या भाषेत दिलं. डोलण्याची ऊर्जा १५ एमईव्ही, फिरण्याची पहिली पातळी ०.१३ एमईव्ही, म्हणजे डोलणं फिरण्यापेक्षा शंभराहून जास्त पटीने वेगवान. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकदा मागे-पुढे होतात तेवढ्या वेळात केंद्रकाची दिशा बदलतच नाही. निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या असंख्य केंद्रकांची बेरीज केली तरी दोन ऊर्जा दोनच राहतात, कारण त्या केंद्रकाच्या स्वतःच्या अक्षांवर ठरतात. १९६०च्या दशकात होल्मियम-१६५ ची केंद्रकं अतिथंड करून एका दिशेला वळवली तेव्हा शोषण दिशेनुसार बदललं, हेही तिने जोडलं.

दुसरा प्रश्न साक्रीच्याला: “मग १४८ गोल की लांबट?” त्याने फळ्यावर दोन आकडे लिहिले. स्पिन चारच्या पातळीची ऊर्जा भागिले स्पिन दोनच्या पातळीची ऊर्जा: ताठ लांबट केंद्रकात ३.३३, गोल आणि कंप पावणाऱ्यात २. १५० मध्ये हे गुणोत्तर २.९३, १४८ मध्ये २.४९. “सर, हे केंद्रक एका आकारात थांबतच नाही. त्याचा आकार स्वतःच डोलतो, म्हणून शिखर फुटण्याऐवजी पसरतं.” तीन आठवड्यांपूर्वी दोन शिखरांवर ठाम असलेल्या मुलाचं हे उत्तर ऐकून मला मनापासून आनंद झाला.

दोघंही आता पदवीधर आहेत. मुलगी केळीच्या बागेत वडिलांना हातभार लावत पात्रता परीक्षेचा अभ्यास करते आहे. मुलगा रेडिएशन सेफ्टीच्या अभ्यासक्रमाच्या तयारीत आहे. तिथे त्याला जीडीआर पुन्हा भेटेल: कर्करोगाच्या उपचाराची यंत्रं १० एमईव्हीच्या वर चालवली की त्यांच्या डोक्यातल्या टंगस्टन आणि शिशामधून न्यूट्रॉन सुटतात, ते याच शोषणामुळे, आणि खोलीच्या दाराची जाडी ठरवताना त्यांचा हिशेब धरावा लागतो.

काय वेगळं करता आलं असतं

तक्ता उतरवल्यावर पहिलं काम आलेख काढण्याचं नको, फायलीचा शीर्षभाग वाचण्याचं हवं: काय मोजलं आहे, घटना की न्यूट्रॉन. त्यानंतर आलेखावर एक-न्यूट्रॉन आणि दोन-न्यूट्रॉन उंबरठ्यांच्या उभ्या रेषा आखाव्यात. या रेषा असत्या तर साक्रीच्याच्या वक्राचा फुगवटा नेमका १२.६ पासून सुरू होतो हे पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरलं असतं. क्षेत्रफळाचा ताळा फिटच्या आधी घ्यावा. हे सगळं एका दुपारचं काम आहे.

फिट करताना किती शिखरं आणि कोणते पॅरामीटर मोकळे, हे वक्र पाहण्याआधी लिहून ठेवायला हवं होतं. इथे ते नंतर ठरलं. निभावलं, कारण बीटाचं मूल्य बाहेरून आलं होतं; ते नसतं तर बांधून घेतलेलं फिट आणि मनाजोगतं फिट यांत फरक करता आला नसता.

नवं साहित्य शोधण्याचा टप्पा शेवटी आला, तो सुरुवातीला यायला हवा होता. वर्गात आम्ही नियोडिमियम-१५० चा दोन शिखरांचा आलेख दाखवतो आणि पुढे सरकतो. त्या आलेखावर २०१८ पासून प्रश्नचिन्ह आहे हे आम्ही शिकवणाऱ्यांनीच पहिल्या तासाला सांगायला हवं. ती जबाबदारी विद्यार्थ्यांची नव्हती.

एकच केंद्रक दोघांनी स्वतंत्रपणे करण्याची अट मात्र जशीच्या तशी ठेवायची आहे. पुढच्या तुकडीसाठी समॅरियम ठरलं आहे. साक्लेच्या गटाने १९७४ साली त्याचीही मालिका प्रसिद्ध केली. त्यातला समॅरियम-१५२ हा १५० नियोडिमियमसारखाच उंबरठ्यावरचा, आणि २०१८ च्या मोजमापांत तोही आहे. समॅरियम-१५४ मध्ये पातळ्यांचं गुणोत्तर ३.२५ आहे, आकार बराच ताठ, म्हणून डॅनोसचं सूत्र तपासायला तो १५० नियोडिमियमपेक्षा चांगला. तक्ते एक-न्यूट्रॉन आणि दोन-न्यूट्रॉन असे वेगवेगळे उतरवायचे आणि बेरीज विद्यार्थ्यांनी स्वतः करायची, हे मार्गदर्शक सरांनी आधीच सांगून ठेवलं आहे.